फळी क्रमांक दोनशे चौदा

गुंडीच्या ओळखपत्रावर तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, उजव्या गालावरचा तीळ होता आणि ‘वर्ग’ या शब्दापुढे लिहिलेलं होतं : पाहून ठरवावे.

त्या गावात माणसांचे दोन वर्ग होते. गोरे ते पुढचे आणि काळे ते मागचे. ही नावं बसमधून गावात आली की गावातून बसमध्ये गेली, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. गुंडीचे बाबा पुढचे आणि आई मागची. दोघं बाळाची नोंद करायला गेले, तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं बाळाला खिडकीपाशी नेलं आणि कापडाच्या दुकानात तागा उजेडात धरतात तसं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "रंग अजून पक्का झालेला नाही. मोठी होऊ दे, मग बघू." ते दोन शब्द लिहून त्यानं सही ठोकली आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

तेव्हापासून जो कुणी ते कार्ड हातात घेई, त्याच्यावर गुंडीकडे पाहून ठरवायची जबाबदारी येऊन पडे. सरकारी जबाबदारी अशी अवचित अंगावर आली की माणूस गांगरतो. उन्हाळ्यात ती मागची ठरायची, थंडीत पुढची. दातांच्या दवाखान्यात तर ती एकाच दिवशी दोन्ही ठरली. दाराशी बसलेल्या बाईंनी तिला मागच्यांच्या रांगेत बसवलं, आतून आलेल्या डॉक्टरांनी दिवा मारून पुढच्यांच्या रांगेत पाठवलं, तिथल्या बाईंनी परत मागे धाडलं. चौथ्या फेरीला दात आपला आपणच पडला.

पुढच्या गल्लीतली पोरं तिला ‘करपलेली’ म्हणत, मागच्या गल्लीतली ‘कच्ची’.

"दोघांना एकदा समोरासमोर बसवून काय ते ठरवा म्हणावं," गुंडी आईला म्हणाली होती. "मला एकच काहीतरी सांगा."

आई हसली नाही. ती घरातच लाँड्री चालवायची आणि हसण्यासारखं नसेल तेव्हा इस्त्री जरा जोरात दाबायची. त्या दिवशी एका वकिलाच्या शर्टाला कॉलरपासून खिशापर्यंत अशी घडी पडली की ती पुढे कधीच मोडली नाही.

आईबाबांचं लग्न झालं तेव्हा असल्या लग्नाविरुद्ध कायदा नव्हता. तो आठ महिन्यांनी आला. बाबा इमानदार माणूस. स्वतःहून कचेरीत विचारायला गेले. साहेब म्हणाला, "झालं ते झालं. पण पुन्हा करू नका." बाबांनी घरी येऊन हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पुन्हा कोण करतंय."

त्यांच्या घराला दोन दारं होती. एक पुढच्यांच्या रस्त्यावर उघडायचं, दुसरं मागच्यांच्या गल्लीत. पुढच्या दारानं आत्या यायची, मागच्या दारानं मामा, आणि मधल्या खोलीत दोघं एकमेकांना "आलात का?" असं विचारायचे, जणू दोघांची गाडी वेगवेगळ्या गावांहून आली आहे. बाबा पुढून जायचे, आई मागून. गुंडी खिडकीतून जायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण खिडकीबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

बाबा बसवर कंडक्टर होते. त्यांच्या खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटं टोचायचा चिमटा, आणि ताब्यात एक फळी. ही फळी हातभर लांब, वीतभर रुंद. खाली दोन खुंट्या. बसमधल्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर दोन भोकं होती, त्यात या खुंट्या बसायच्या. फळीच्या एका अंगाला लिहिलेलं : ‘पुढच्यांसाठी’. दुसऱ्या अंगाला : ‘मागच्यांनी या फळीच्या मागे बसावे’. पुढचे लोक जास्त चढले की बाबा फळी उचलून मागच्या बाकाला लावायचे, म्हणजे मागचे लोक मुकाट्यानं उठून आणखी मागे सरकायचे. पुढचे उतरले की फळी पुन्हा पुढे. अख्खी बस अशी दिवसभर पेटीच्या भात्यासारखी उघडायची आणि मिटायची.

मग गुंडीनं बसायचं कुठे? ती पाच वर्षांची असताना बाबांनी वाहतूक खात्याच्या नियमांचं पुस्तक तीन रात्री बसून वाचलं आणि त्यांना नियम सतरा सापडला. ‘फळी ज्या बाकास लावलेली असेल त्या बाकावर खात्याच्या माणसांखेरीज कोणीही बसू नये.’ खात्याची माणसं कोण, तर नियम तीन : ‘कर्मचारी आणि त्यांची अपत्ये.’ अपत्याचा रंग कुठला, याबद्दल नियम तीन गप्प होता.

त्या दिवसापासून फळीचा बाक गुंडीचा झाला. फक्त तो एका जागी राहत नसे. फळी मागे गेली की गुंडी दप्तर उचलून मागे, फळी पुढे आली की पुढे. घरापासून शाळेपर्यंत बारा थांबे, तेवढ्यात ती बसभर दोनतीनदा फिरून यायची. एकदा तिनं ड्रायव्हरच्या मागे डबा उघडला, तो तिसऱ्या बाकावर अर्धा संपवला आणि मागच्या चाकावर झाकण लावलं.

"सगळ्या गावात तुझ्याइतकी बस कुणी पाहिलेली नाही," बाबा म्हणायचे.

तिची शाळा एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर होती. एक निवृत्त बाई ती चालवत, आणि त्यांना दूरचं दिसत नसल्यामुळे कोण पुढचं कोण मागचं या भानगडीत त्या पडत नसत. पण बाईंची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मोठ्या हायस्कुलाची प्रवेश परीक्षा. ती वर्षातून एकदाच व्हायची आणि तेरावं लागलं की बसता यायचं नाही. गुंडीला तेरावं लागायला सात आठवडे उरले होते. म्हणजे हीच खेप.

"नाही बसता आलं तर?" तिनं विचारलं.

आईनं लाँड्रीतल्या दुसऱ्या इस्त्रीकडे पाहिलं. "इस्त्रीत वाईट काही नाही," ती म्हणाली. "पण तू इस्त्रीत वाईट आहेस. बाह्या जाळतेस. तेव्हा परीक्षा दे."

हायस्कुलाच्या दोन इमारती होत्या, एक रस्त्याकडे आणि एक मागच्या अंगाला. कुणी कुठे बसायचं ते परीक्षेच्या प्रवेशपत्रावर छापून आलं. गुंडीचं आलं त्यावर ‘बैठक’ या शब्दापुढे लिहिलं होतं : पाहून ठरवावी.

"निदान ‘ठरवावी’ केलंय," बाबा म्हणाले. "म्हणजे कुणीतरी लक्ष घातलंय."

आता परीक्षा सोमवारी, आणि त्याच्या आदल्या शनिवारी बाबा फळी घरी घेऊन आले. तिच्यावरची अक्षरं झिजली होती. चेकर म्हणून एक गृहस्थ होते, ते सगळ्या बसवर अचानक चढून तपासणी करत. त्यांनी शेरा मारला होता की लांबून ‘मागच्यांनी’ हा शब्द ‘नी’ एवढाच दिसतो, सबब फळी तातडीनं रंगवून घ्यावी. ‘सबब’ हा शब्द बाबांना फार आवडायचा. शेरा वाईट असला तरी त्यात ‘सबब’ असला की ते तो दोनदा वाचायचे. रविवारी दुपारी त्यांनी जीभ बाहेर काढून, निळ्या रंगानं, एकेक अक्षर गिरवलं. रंग स्वस्तातला नव्हता, पण वाळायला सुस्त होता. फळी कोरड्या जुन्या चादरीत सैल गुंडाळून मागच्या दाराआड उभी ठेवली.

मागच्या दाराआड आणखी एक फळी असायची. आईची. शर्टाच्या बाह्या तिच्यावर चढवून इस्त्री करायची. तीही हातभर लांब, वीतभर रुंद, आणि तिलाही जुनी चादर गुंडाळलेली.

सोमवारी बाबा पहिल्या पाळीला गेले ते काखेत चादरीतली फळी मारून गेले. आठ वाजता आईनं पहिला शर्ट घेतला, चादर सोडली, आणि बाहीत ‘पुढच्यांसाठी’ घालायला निघाली.

तिनं शर्ट खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "गुंडे, तुझे बाबा माझी फळी घेऊन बस चालवताहेत."

फळीशिवाय बस चालवणं म्हणजे कंडक्टरची नोकरी जाण्याची गोष्ट. चेकर सोमवारी दहाच्या सुमाराला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी चढतात हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक असायचं. त्यांचं अचानक येणं ठरलेलं होतं. बाबांची बस त्याआधी, दहाला दहा कमी असताना, हायस्कुलासमोरच्या थांब्यावर लागायची.

"तू तिकडेच चाललीयेस," आई म्हणाली. "थांब्यावर बाबांच्या हातात दे आणि मग पेपरला बस. कडेनं धर, रंग ओला आहे. आणि फ्रॉकला लावलास तर तो तूच धुवायचास."

गुंडी चालतच निघाली. दुसऱ्या कुठल्या बसनं गेली असती तर एका बसमध्ये दोन फळ्या झाल्या असत्या, आणि दोन फळ्यांच्या मधल्या लोकांचं काय करायचं हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

वाटेत घड्याळजीचं दुकान लागलं. दुकानाबाहेर एक लांब बाक होता, घड्याळ दुरुस्त होईपर्यंत लोक त्यावर बसत. गावातला हा एकच बाक नियम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटला होता, त्यामुळे लोक त्यावर नुसते बसत. त्या सकाळी तिथे पेपर वाचणारे एक लठ्ठ पुढचे गृहस्थ होते, टोपली मांडीवर घेतलेली एक मागची स्वयंपाकीण होती, आणि मधे पोस्टमन होता. गुंडीच्या बुटाची नाडी सुटली. तिनं फळी बाकाला टेकवून ठेवली आणि खाली वाकली.

वर पाहते तो लठ्ठ गृहस्थांनी पेपर मिटला होता. "माफ करा, माझं लक्ष नव्हतं," ते फळीला म्हणाले, आणि उठून तिच्या या बाजूला बसले. स्वयंपाकीण टोपलीसकट त्या बाजूला सरकली. पोस्टमन नेमका फळीच्या समोर होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तो उभा राहिला.

"अहो, मी फक्त नाडी बांधतेय," गुंडी म्हणाली.

"बांध, बांध," लठ्ठ गृहस्थ म्हणाले. "नियम तो नियम."

तिनं नाडी बांधली, फळी उचलली आणि पुढे गेली. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर गृहस्थ तिथेच होते, स्वयंपाकीणही तिथेच, आणि मधे बसायला भरपूर जागा असूनही पोस्टमन उभाच. फळी कुणी आणली, कशाला आणली, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. हे गुंडीनं चालता चालता दोनदा मनात घोळवलं.

साडेनऊला ती हायस्कुलात पोचली. पुढच्या इमारतीच्या दाराशी शिपाई होता. त्यानं प्रवेशपत्र वाचलं, तिला उजेडात नेलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

"मागे जा," तो म्हणाला. "मला वाटतं."

मागच्या इमारतीच्या दाराशी एक मास्तर होते. त्यांनी गुंडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कळवळला. "पोरी, मी तुला बसवीन गं. पण उद्या कुणी म्हणालं की ही तर पुढची दिसते, तर तुझा पेपर बाद आणि माझी बदली. तू पुढेच जा."

"पुढचे मागे म्हणतात."

"त्यांचं चुकतंय."

"त्यांनाही तसंच वाटतं," गुंडी म्हणाली आणि परत पुढे आली. शिपायानं तिला दुरूनच हात केला, मागे, मागे. तिसऱ्या फेरीला तिला दाताची आठवण झाली. पण हा दात नव्हता, आपला आपण पडून मोकळा होणारा. दहा वाजता घंटा होणार होती आणि दारं बंद.

तेवढ्यात फाटकासमोर बस येऊन थांबली. ती बस पाहून गुंडी सगळं विसरली. आत पन्नास माणसं उभी होती आणि सगळे बाक रिकामे. बाबा पायरीवर उतरून तिलाच शोधत होते. त्यांनी हात पुढे केला.

"आणलीस? शाब्बास. दे."

गुंडीनं फळी दिली नाही. ती कडेनं घट्ट धरून म्हणाली, "बाबा, ते मागे म्हणतात आणि हे पुढे म्हणतात. दहा मिनिटं राहिलीत."

बाबांनी दोन्ही इमारतींकडे पाहिलं. एकीच्या दारात शिपाई होता, दुसरीच्या दारात मास्तर, आणि दोघंही अगदी एकाच पद्धतीनं दुसरीकडे बोट दाखवत होते.

"मला फळी हवीय," गुंडी म्हणाली.

"किती वेळ?"

"तीन तास."

पुढचा थांबा मनोऱ्याचा. तिथे चेकर. हे गुंडीला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. बसमधून कुणीतरी विचारलं, "कंडक्टर, आम्ही बसायचं की नाही ते एकदा सांगून टाका." बाबांचा हात अजून पुढे केलेलाच होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि तो पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला.

"कडेनं धर," ते म्हणाले. "रंग ओला आहे."

आणि पायरीवर चढून त्यांनी घंटीची दोरी ओढली.

दोन इमारतींना जोडणारा एक बोळ होता, वर छप्पर असलेला. तिथे मोडके बाक रचून ठेवलेले. गुंडीनं त्यातला बऱ्या पायांचा एक ओढून बरोबर मधोमध आणला. जुना दोघांचा बाक होता, वर दौतींसाठी दोन भोकं. तिनं फळीच्या खुंट्या त्या भोकांत घातल्या. दोन बोटं इकडेतिकडे असतील म्हणून तिनं श्वास रोखला होता, पण खुंट्या बसच्या बाकात बसतात तशा ‘टक’ करून बसल्या. मग तीही बसली आणि तिनं पेन्सिलीला टोक काढलं.

घंटा झाल्यावर परीक्षाप्रमुख बोळातून उत्तरपत्रिका घेऊन निघाले. ते उंच, पांढऱ्या कोटातले आणि नियमाचे पक्के गृहस्थ होते. बाक पाहून ते थबकले. मुलगी त्यांना दिसली असेल किंवा नसेल, फळी दिसली.

"ही कुणाची?"

"वाहतूक खात्याची," गुंडी म्हणाली. ते खरंच होतं.

त्यांनी वाकून फळीच्या कडेचा शिक्का वाचला. क्रमांक दोनशे चौदा. खिशातून वही काढून टिपून घेतला. "मला कुणी कळवलं नाही. मला इथे कुणी काही कळवतच नाही. बरं. ही इथे लागली म्हणजे इकडे पुढचे, तिकडे मागचे. तसं आहेच. मग तू कोण?"

"नियम सतरा," गुंडी उठून उभी राहिली. "फळी ज्या बाकास लावलेली असेल त्या बाकावर खात्याच्या माणसांखेरीज कोणीही बसू नये. नियम तीन, खात्याची माणसं म्हणजे कर्मचारी आणि त्यांची अपत्ये. मी अपत्य आहे, सर." आणि तिनं खात्यानं कर्मचाऱ्याचं अपत्य म्हणून दिलेला बसचा पास दाखवला.

परीक्षाप्रमुखांनी डोळे मिटले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना आकडे घातलेला नियम सांगून कुणी नडलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरत गेलं.

"म्हणजे या बाकावर दुसऱ्या कुणाला बसवलं तर तो नियमभंग होईल," ते सावकाश म्हणाले.

"हो, सर."

"आणि तुला उठवलं तर बाक रिकामा राहील, आणि मी कुठल्या अधिकारानं उठवलं असं वाहतूक खातं विचारील."

"ते विचारतात, सर."

"बस खाली," ते म्हणाले, आणि विचार करत फळीला पाठ टेकून उभे राहिले.

मग नवीच अडचण निघाली. दोन इमारतींत प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या होत्या. शिपायानं विचारलं, कुठली देऊ? मास्तर म्हणाले, आमची द्या. परीक्षाप्रमुख म्हणाले, फळीला दोन बाजू आहेत, दोन्ही द्या. वेळ मात्र तीनच तास.

गुंडीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पुढच्यांच्या पेपरात पहिलं गणित होतं : एका सरदाराकडे चांदीचे काही चमचे आहेत, त्याने त्यांतले निम्मे आपल्या मुलीस दिले. मागच्यांच्या पेपरात : एका मोलकरणीकडे काही बादल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या गळक्या निघाल्या. गुंडीनं चमचे सोडवले. उत्तर चौदा. तिनं बादल्या सोडवल्या. उत्तर चौदा. दुसऱ्या गणितात इकडे घोडे होते, तिकडे बकऱ्या. उत्तर एकशे सहा. तिसऱ्यात इकडे बागेचं क्षेत्रफळ आणि तिकडे त्याच बागेत झाडू मारायला लागणारा वेळ, पण बाग तेवढीच. चौथ्यापासून तिनं एकच गणित करायचं आणि दोनदा उतरवायचं असं धरलं. अकरा वाजेपर्यंत तिचं अंकगणित संपलं होतं. उरलेल्या वेळात तिनं निबंध लिहिले. पुढच्यांना ‘माझा प्रवास’, मागच्यांना ‘माझे काम’. तिनं दोन्हींत बसबद्दल लिहिलं.

बारा वाजता पुढच्या इमारतीतून हसण्याचा आवाज आला आणि एकदम दाबला गेला. परीक्षाप्रमुख वर्गातून फेऱ्या मारत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर पाठभर, निळ्या उलट्या अक्षरांत, ‘मागच्यांनी’ उमटलेलं होतं. एकाही शिक्षकाला त्यांना ते सांगण्याचा धीर झाला नाही. ते तसेच दुपारी दोनच्या बसनं घरी गेले, आणि कंडक्टरनं त्यांना नुसतंच पाहून विचारलं, "साहेब, कुठे बसणार?"

बाबांच्या बसमध्ये काय झालं ते गुंडीला संध्याकाळी कळलं. बाबा मधल्या खोलीत बसून पाय चोळत होते. तेही दिवसभर उभे होते.

"डेपोत चादर सोडली तर आत तुझ्या आईची फळी. मी लावून पाहिली, पण तिला खुंट्या नाहीत. मग तशीच बस काढली. पहिला माणूस चढला, त्यानं फळी शोधली. नाही. तो उभा राहिला. दुसरा चढला, तोही. आता फळी नाही म्हणजे कुठला बाक पुढचा आणि कुठला मागचा? चुकून बसलं तर? एका आजींचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, मी अर्धीच बसते, चालेल का? मी म्हटलं, आजी, अर्ध्याचा नियम मी पाहिलाय, तो आमच्याकडे सतरावा आहे, बसा." बाबांनी गुंडीकडे पाहिलं. "मी त्यांना माझ्या पिशवीवर बसवलं."

"आणि चेकर?" आईनं विचारलं. ती तिची फळी उलटसुलट करून पाहत होती, बसमध्ये जाऊन आलेल्या वस्तूकडे पाहतात तशी.

"चढले. पन्नास माणसं उभी, चाळीस जागा रिकाम्या. विचारलं, फळी कुठे आहे? मी म्हटलं, परीक्षेला बसलीय."

"असं म्हणालात?"

"दुसरं काय म्हणणार? खरं तेच. त्यांनी वही काढली. त्यांच्या छापील कागदावर रकाने असतात, चुकीच्या जागी बसलेले पुढचे किती, मागचे किती. त्यांनी दोन्हीकडे शून्य लिहिलं. माझ्या बत्तीस वर्षांत असं झालं नाही, म्हणाले, एकाही बसमध्ये शून्य आलं नाही. मग खाली शेरा लिहिला. गाडीत एकही नियमभंग आढळला नाही, सबब कंडक्टरचे अभिनंदन." बाबा थांबले. "सबब लिहिलंय."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि ती हसली. ती हसायची तेव्हा आवाज व्हायचा नाही, फक्त खांदे हलायचे. "फळी कुठाय मग?" तिनं विचारलं.

"शाळेतच," गुंडी म्हणाली. "परीक्षाप्रमुखांनी हलवू दिली नाही. म्हणाले, वाहतूक खात्याचं पत्र आल्याशिवाय हलवणार नाही."

निकाल लागला तेव्हा गुंडी दोन्ही याद्यांत होती, पुढच्यांत नववी, मागच्यांत पहिली. हेडमास्तरांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. एका यादीतून नाव काढून टाकावं तर कुठल्या, हे पाहून ठरवायला हवं होतं, आणि ते कुणाला नको होतं. तिला बोळातच प्रवेश मिळाला. इकडच्या वर्गाचं दार उघडं ठेवलं की इंग्रजी ऐकू यायचं, तिकडचं उघडलं की गणित. हिवाळ्यात दोन्ही दारांतून वारा यायचा आणि तिला वर्षभर सर्दी असायची. दुसऱ्या वर्षी बोळात आणखी एक बाक आला, एका आचाऱ्याच्या मुलाचा, त्याच्याही कार्डावर तेच दोन शब्द होते. तिसऱ्या वर्षी बोळात सात बाक झाले आणि शिपायाला प्रश्नपत्रिका घेऊन जायला अंगणातून वळसा पडायला लागला.

डेपोनं बाबांना दुसरी फळी दिली. पण साठ्याच्या नोंदवहीत दोनशे चौदा उघडी राहिली होती, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये पत्र यायचं : फळी क्र. २१४ आपल्या नावे आहे, ती त्वरित जमा करावी. बाबा दरवर्षी उत्तर लिहायचे, जीभ बाहेर काढून.

‘महोदय, आपले पत्र पावले. सदर फळी सध्या इयत्ता नववीत आहे. गणितात गती चांगली. शारीरिक शिक्षणात कमी पडते. सबब या वर्षी जमा करता येत नाही.’

‘महोदय, फळीची दहावी आहे. सबब घरातील वातावरण शांत ठेवण्यात येत आहे.’

‘महोदय, फळी उत्तीर्ण झाली. तिला पुढे शिकायचे आहे.’

गुंडी कॉलेजात असताना पुढचे-मागचे हा कायदा उठला. डेपोच्या आवारात फळ्यांचा ढीग करून जाळला गेला, लोक बघायला जमले, आणि बाबा सांगत की जाळ बघायला आलेली माणसंही दोन बाजूंना उभी होती. शाळेनं बोळातली फळी काढून गुंडीच्या हातात दिली आणि तिनं ती घरी आणली. नोंदवही मात्र कायद्याबरोबर उठली नाही. पत्रं येत राहिली. बाबा निवृत्त झाले, त्यांचे केस गेले, कान गेले, तरी जून आला की ते विचारायचे, "आलं का?" आणि फळी नोकरीला लागली, फळीला बढती मिळाली, फळीला चष्मा लागला, असं डेपोला कळवत राहायचे. डेपोतूनही कुणी कधी उलट काही लिहिलं नाही. ते फक्त पुढच्या जूनला पुन्हा विचारायचे.

या वर्षीचं पत्र बाबा गेल्यानंतर नऊ दिवसांनी आलं.

गुंडीनं ते उघडलं. मजकूर तोच होता. ती मधल्या खोलीत बसली होती. त्या आठवड्यात या खोलीत पुढच्या दारानं आत्याकडचे आले, मागच्या दारानं मामाकडचे आले, आणि बराच वेळ सगळे उभे राहिले होते. कायदा उठून इतकी वर्षं झाली तरी खुर्च्या रिकाम्या होत्या. शेवटी आई म्हणाली होती, "बसा हो. कंडक्टर रजेवर आहेत." तेव्हा कुठे बसले.

तिनं कागद घेतला आणि लिहिलं :

‘महोदय, आपले पत्र पावले. संबंधित कंडक्टर या महिन्याच्या सहा तारखेस शेवटच्या थांब्यावर उतरले. फळी क्र. २१४ त्यांच्या खुर्चीस लावण्यात आलेली आहे. नियम सतराप्रमाणे तेथे दुसऱ्या कोणास बसता येत नाही. सबब फळी जमा करता येत नाही.’

खाली तिनं सही केली. सहीखाली कंसात लिहिलं, अपत्य.

आईनं कागद हातात घेऊन खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि सावकाश वाचला.

"‘सबब’ बरोबर जागी पडलाय," ती म्हणाली, आणि बाही आपल्या फळीवर चढवून पुन्हा इस्त्री घेतली.